दुसरे पुस्तक कुठे आहे? : ऐतिहासिक येशू आणि आपली ग्रंथालये

सतरा-अठरा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी ‘येशूची अज्ञात वर्षे’ या विषयावर बोललो होतो. बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात दिसलेला येशू पुढे एकदम सुमारे तिसाव्या वर्षी आपल्यासमोर येतो. मधल्या काळाविषयी शुभवर्तमाने काही सांगत नाहीत. तो काळ त्याने हिंदुस्थानात घालवला आणि लडाखमधील हेमिस मठात त्याची नोंद असलेले हस्तलिखित आहे, असे मी ठासून सांगितले. माझ्याजवळ एक मराठी पुस्तक होते. त्यात एका इंग्रजी पुस्तकाचा हवाला होता. तेवढ्या भांडवलावर मी तासभर बोललो आणि टाळ्याही मिळाल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त गुरुजी जवळ आले. ‘बोललात छान,’ ते म्हणाले. ‘एकच सांगा, ते हस्तलिखित तुम्ही पाहिलंय का? नसेल, तर कुणी पाहिलंय? आणि असं काही नाहीच, असं म्हणणारं दुसरं एखादं पुस्तक असेल ना? ते वाचलंत?’

मी वाचले नव्हते. असे दुसरे पुस्तक असू शकते, हेही मनात आले नव्हते. मी इतिहासाचा पदवीधर नाही. ग्रीक, हिब्रू मला येत नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. जे काही वाचले ते वाचनालयांच्या आधाराने. त्यामुळे गुरुजींचा प्रश्न मला जितका लागला, तितकाच तो मी ज्या वाचनालयांवर वाढलो त्यांनाही लागू आहे, असे वाटत राहिले. ऐतिहासिक येशूचा अभ्यास आपल्याकडच्या सामान्य वाचकाला करायचा झाला, तर ग्रंथालय त्याला काय देते, कुठे देते आणि काय देत नाही, याचा हा हिशेब आहे.

१. एक फळी आणि तिची मर्यादा

दुसऱ्याच दिवशी मी वाचनालयात तालिका काढून बसलो. पहिली अडचण नावाचीच. काही पुस्तके ‘येशू’खाली, काही ‘ख्रिस्त’खाली, दोन ‘ईसा’खाली आणि एक इंग्रजी नावाच्या लिप्यंतराने ‘जीझस’खाली. चरित्रविभागात आणखी तीन. एकाच माणसाचा शोध घ्यायला चार दारे ठोठवावी लागली. ग्रंथपालबाईंनी मदत केली म्हणून सगळी मिळून बावीस पुस्तके हाती लागली.

ती बावीस पुस्तके मी महिनाभरात चाळली आणि त्यांचे तीन ढीग केले. पहिला ढीग भक्तीचा : चरित्रे, प्रवचने, मुलांसाठी गोष्टी. दुसरा खंडनाचा : येशू झालाच नाही, किंवा झाला असला तरी त्याची शिकवण उसनी आहे, असे सांगणारी. तिसरा ढीग नवलाचा : येशू काश्मीरला आला, क्रूसावरून वाचला, त्याचे रहस्य अमुक तळघरात दडले आहे, अशा स्वरूपाचा. तिन्ही ढिगांतील लेखकांचे एकमेकांशी मुळीच पटले नसते. पण एका बाबतीत त्यांच्यात फरक नव्हता. आपण सांगतो ते कोणत्या साधनावरून, ते साधन केव्हाचे, त्याची सर्वांत जुनी प्रत कुठे आहे आणि त्याचा अर्थ वेगळा लावणारे कोण, हे बावीसपैकी एकाही पुस्तकात नीट सांगितलेले नव्हते.

याचे कारण मला पुढे ग्रंथालयशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकातून उमगले. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात २३२ हा वर्गांक येशूचा. पण तो ख्रिस्ती धर्मसिद्धान्ताच्या पोटात येतो. त्याच्याच आत २३२.९०८ हा येशूच्या ऐतिहासिकतेचा छोटा कोपरा आहे. नवा करार मात्र २२५ मध्ये, शुभवर्तमाने २२६ मध्ये. येशू ज्या यहुदी समाजात जन्मला आणि वावरला तो धर्म २९६ मध्ये. त्याच्या प्रदेशाचा प्राचीन इतिहास ९३३ मध्ये आणि ज्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याने त्याला मृत्युदंड दिला त्या रोमचा इतिहास ९३७ मध्ये. म्हणजे येशूच्या चिकित्सेसाठी लागणारी साधने ग्रंथालयाच्या पाच-सहा कपाटांत विखुरलेली असतात, आणि ‘येशू’ असे लेबल असलेल्या फळीवर उरतात ती मुख्यतः त्याच्याविषयीच्या श्रद्धेची आणि त्या श्रद्धेच्या विरोधाची पुस्तके. वर्गीकरण करणाऱ्याचा यात दोष नाही. पुस्तक कुठेतरी एकाच जागी ठेवावे लागते. पण वाचकाने एका फळीलाच विषय मानले, की त्याची फसगत ठरलेली. माझी तशीच झाली होती.

मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकेत शोध घेताना एक युक्ती उपयोगी पडते. तिथे विषयशीर्षके ठरलेली असतात. ‘जीझस क्राइस्ट’ एवढेच टाकले तर हजारो नोंदी येतात. त्यापुढे ‘हिस्टॉरिसिटी’ हे उपशीर्षक जोडले, की गर्दी ओसरते. ‘बायबल, गॉस्पेल्स’ यापुढे ‘क्रिटिसिझम’ जोडावे. आणि ‘ज्यूडाइझम’ या शीर्षकाखालची इ.स.च्या पहिल्या शतकाविषयीची पुस्तके चुकवू नयेत. मला तरी सर्वांत अधिक तिथेच मिळाले.

२. मराठीतील येशू कोणत्या काळाचा?

मराठी पुस्तकांचा विचार वेगळा केला पाहिजे, कारण ती आपल्या जिव्हाळ्याची आहेत. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांवरून आणि १९०७ च्या मंगळूर आवृत्तीवरून. देवनागरीतील एक महत्त्वाची प्रत लंडनमध्ये, प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयातील मार्सडेन संग्रहात आहे. रेव्हरंड टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली.

ही सगळी कामे थोर आहेत. पण ‘ख्रिस्तपुराण’ हा गालीलमधील पहिल्या शतकाचा पुरावा नव्हे. तो सतराव्या शतकातील गोव्याचा पुरावा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या समाजाला पुराणाचा घाट हवासा वाटत होता आणि एका इंग्रज जेझुइटाने तो ओळखला, हे त्यातून कळते. ‘ख्रिस्तायना’तून विसाव्या शतकाच्या आरंभीचा महाराष्ट्र कळतो. बाबाराव सावरकरांच्या १९४६ च्या ‘ख्रिस्तपरिचया’लाही हाच न्याय. येशू जन्माने हिंदू होता, ही त्यातील मांडणी पहिल्या शतकातील कोणत्याही साधनावर उभी राहत नाही. परंतु १९४० च्या दशकात ती एका विचारवंत गटाला का हवी होती, हे समजून घ्यायला ते पुस्तक जपून ठेवायला हवे.

हा नियम केवळ मराठीपुरता नाही. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये, येशूची चरित्रे लिहिणाऱ्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास तपासला तेव्हा त्यांना हेच दिसले : प्रत्येक चरित्रकार आपल्या काळाला शोभेल असा येशू घडवतो. रेनानच्या १८६३ च्या चरित्रातील हळवा येशू एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचा आहे. मात्र या लोकांनी लिहिण्याची किंमतही मोजली. १८३५ मध्ये शुभवर्तमानांतील चमत्कारांची चिकित्सा केल्यावर डाव्हिड श्ट्राउसची ट्युबिंगेनमधील नोकरी गेली. रेनानला कॉलेज द फ्रान्समधील अध्यासन गमवावे लागले. पूज्य व्यक्तीविषयी इतिहासाचा प्रश्न विचारला की काय होते, हे आपल्याला युरोपातून शिकायची गरज नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्यातील भांडारकर संस्थेत काय झाले, ते आपण पाहिले आहे. ज्या पुस्तकावरून राग होता, त्याला उत्तर देण्याची साधने ज्या कपाटांत होती, त्याच कपाटांवर तो राग निघाला.

३. एकच उतारा, दोन आवृत्त्या

आता मूळ साधनांकडे. येशूविषयी ख्रिस्ती परंपरेबाहेरचे सर्वांत जुने महत्त्वाचे साक्षीदार दोन : यहुदी इतिहासकार योसेफस आणि रोमन इतिहासकार टॅसिटस. योसेफसने इ.स. ९३-९४ च्या सुमारास यहुद्यांचा प्राचीन इतिहास ग्रीकमध्ये पूर्ण केला. त्याच्या अठराव्या खंडात येशूविषयी एक छोटा परिच्छेद आहे. तो अद्भुत कृत्ये करीत असे, तोच ख्रिस्त होता आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत दिसला, असा त्याचा आशय.

मी हा परिच्छेद प्रथम विल्यम व्हिस्टनच्या इंग्रजी भाषांतरात वाचला. केंब्रिजमध्ये न्यूटननंतर गणिताचे अध्यासन भूषवणारा हा गृहस्थ. त्याचे भाषांतर १७३७ चे. त्याने हा परिच्छेद खराच मानला आणि त्याच्या बाजूने निबंधही लिहिला. कॉपीराइट केव्हाच संपल्यामुळे हेच भाषांतर पुनःपुन्हा छापले जाते, स्वस्त मिळते आणि इंटरनेटवरही पहिल्याने तेच सापडते. ते वाचून उठणारा वाचक म्हणेल : एका यहुदी इतिहासकाराने येशूला ख्रिस्त म्हटले, संपला वाद.

मग मुंबईतील एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मला लोएब ग्रंथमालेतील १९६५ चा खंड मिळाला. संपादक लुई फेल्डमन; डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी आणि खाली टिपा. त्या टिपांनी माझे डोळे उघडले. या भागाची उपलब्ध ग्रीक हस्तलिखिते अकराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. चौथ्या शतकातील युसेबियसला हा परिच्छेद ठाऊक आहे. पण तिसऱ्या शतकातील ओरिगेन सांगतो, की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. यहुदी राहिलेला माणूस असे लिहील कसे? बहुतेक अभ्यासकांचे मत असे, की योसेफसने काहीतरी त्रोटक लिहिले होते आणि ख्रिस्ती नकलनविसांनी त्यात भर घातली. काहींच्या मते सगळाच परिच्छेद मागाहूनचा. १९७१ मध्ये श्लोमो पिनेस यांनी दहाव्या शतकातील एका अरबी इतिहासग्रंथातला याच परिच्छेदाचा सौम्य पाठ पुढे आणला आणि चर्चा पुन्हा रंगली. विसाव्या खंडात मात्र, ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब’ याच्या वधाचा ओझरता उल्लेख आहे, आणि तो बहुतेकांना खरा वाटतो. कारण तिथे योसेफसला येशूविषयी काहीच सिद्ध करायचे नाही. बोलण्याच्या ओघात नाव आले आहे.

व्हिस्टनचे पहिले पुस्तक मला निष्कर्ष देत होते. फेल्डमनच्या दुसऱ्या पुस्तकाने तो निष्कर्ष कसा तपासायचा ते दाखवले. ग्रंथालयात पहिलेच असेल, तर वाचक श्रद्धाळू होतो किंवा तुच्छतावादी. दोन्ही असतील, तर तो अभ्यासक होण्याची निदान शक्यता तरी निर्माण होते.

टॅसिटसचे उदाहरण याहून गमतीचे आहे. इ.स. ६४ च्या रोममधील आगीसंबंधी लिहिताना, तिबेरियसच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला, असे तो सांगतो आणि पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. १९६१ मध्ये कैसरिया येथील प्राचीन नाट्यगृहाचे उत्खनन करताना एका दगडावर पिलाताचे नाव मिळाले. तिथे त्याचे पद ‘प्रिफेक्ट’ असे कोरलेले आहे. टॅसिटसने आपल्या काळातील पदनाम मागच्या काळाला चिकटवले, हे त्यावरून कळते. त्याची साक्ष त्याने निकालात निघत नाही. पण मोठ्या इतिहासकाराच्या वाक्यातही दुरुस्ती करावी लागते, आणि ती दुरुस्ती या वेळी पुरातत्त्वाच्या कपाटातून येते.

ख्रिस्ती साधनांतही क्रम लावावा लागतो. नव्या करारात शुभवर्तमाने आधी छापलेली असली, तरी लेखनकाळाने पौलाची पत्रे जुनी, इ.स. ५० च्या दशकातील. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, आपण यरुशलेमला जाऊन पेत्राला आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, असे पौल सांगतो. येशूच्या सख्ख्या नात्यातील माणसाला भेटलेल्या समकालीनाची ही नोंद आहे. मार्काचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचे मानतात, मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान शतकाच्या अखेरीचे. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. तुकोबा १६५० मध्ये गेले आणि महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या त्या चरित्रातून भक्ताची भावना वेगळी, परंपरेने जपलेली माहिती वेगळी, हे आपण निवडून घेतोच. मार्क आणि येशू यांच्यातील अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. चाळणी तीच लावायची.

४. हाडाची दुरुस्ती

दुसऱ्या पुस्तकाचे महत्त्व मला सर्वांत स्पष्ट कळले ते एका टाचेच्या हाडामुळे. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एका थडग्यात, अस्थी ठेवण्याच्या दगडी पेटीत येहोहानान नावाच्या माणसाची हाडे मिळाली. टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. पहिल्या शतकात क्रूसावर चढवलेल्या माणसाचा हा प्रत्यक्ष पुरावा. १९७० मध्ये ‘इस्रायल एक्स्प्लोरेशन जर्नल’मध्ये निकू हास यांचा अहवाल आला : खिळा सतरा-अठरा सेंटिमीटर लांब, तो दोन्ही टाचांतून एकदम ठोकलेला. या वर्णनावरून क्रूसावरील देहाची चित्रे काढली गेली आणि ती अनेक लोकप्रिय पुस्तकांत छापली गेली. आमच्या वाचनालयातील बावीसपैकी एका पुस्तकातही ते चित्र आहे.

१९८५ मध्ये त्याच नियतकालिकात जो झायस आणि एलिएझर सेकेलेस यांनी हाडांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. खिळा साडेअकरा सेंटिमीटरचा निघाला आणि तो एकाच, उजव्या टाचेतून गेलेला होता. साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा दोन टाचा आणि लाकूड एकत्र धरू शकत नाही. म्हणजे ते चित्रच चुकीचे. पण चित्राचे पुस्तक वाचनालयात आहे आणि १९८५ चा अंक नाही. जो वाचक आजही ते पुस्तक नेतो, तो १९७० मध्येच राहतो.

५. एकाच तळघरात चौघे

आधुनिक अभ्यासकांपैकी कोणाला वाचावे? माझ्या मते सुरुवात गेझा व्हर्मेश यांच्या १९७३ च्या ‘जीझस द ज्यू’ने करावी. मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांचे भाषांतर करणारा हा विद्वान. जन्म यहुदी कुटुंबात, काही काळ कॅथलिक धर्मगुरू, नंतर पुन्हा यहुदी. येशूला त्याने गालीलमधील यहुदी साधुपुरुषांच्या ओळीत बसवले. ते बसवणे सर्वांना पटले नाही, पण येशूला यहुदी समाजापासून तोडून समजता येत नाही, हा मुद्दा त्यानंतर कोणाला बाजूला सारता आला नाही. इ. पी. सँडर्स यांचे १९८५ चे ‘जीझस अँड ज्यूडाइझम’ त्याच्या जोडीला ठेवावे. सँडर्स येशूच्या वचनांऐवजी कृतीपासून, मंदिरातील गोंधळाच्या प्रसंगापासून सुरुवात करतात. वचने तोंडोतोंडी बदलतात. सार्वजनिक कृती आणि तिचा शेवट लपवणे कठीण.

जॉन मायर यांचे ‘अ मार्जिनल ज्यू’ हे काम १९९१ ते २०१६ या काळात पाच खंडांत आले. मायर स्वतः कॅथलिक धर्मगुरू. पहिल्याच खंडात ते एक कल्पना मांडतात : एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, एक यहुदी आणि एक अज्ञेयवादी, असे चार प्रामाणिक इतिहासकार हार्वर्डच्या धर्मशास्त्र ग्रंथालयाच्या तळघरात कोंडायचे आणि येशूविषयी एकमताचा मसुदा तयार होईपर्यंत बाहेर सोडायचे नाही. ऐतिहासिक येशू म्हणजे त्या मसुद्यात उरेल तेवढा. श्रद्धावंताचा येशू याहून मोठा असेल. त्याला इतिहास हात लावत नाही. ही मर्यादा आधीच कबूल केल्यामुळे मायर मला विश्वसनीय वाटतात. त्यांचा दोष म्हणजे विस्तार. एकेका वचनावर शेकडो टिपा. सामान्य वाचक दुसऱ्या खंडातच थकतो.

मायर ज्या निकषांवर भर देतात, त्यांवरही पुढे टीका झाली. उदाहरणार्थ, अनुयायांना अडचणीची ठरणारी गोष्ट त्यांनी मुद्दाम रचलेली नसणार, हा एक निकष. पापक्षमेसाठीचा बाप्तिस्मा येशूने योहानाकडून घेतला, हे अनुयायांना अवघड जाणारे. म्हणून ते खरे. युक्तिवाद चांगला आहे, पण कोणाला काय अडचणीचे वाटत होते, हे तरी आपण कशावरून ठरवतो? येशूचे जे बोलणे यहुद्यांशीही जुळत नाही आणि नंतरच्या ख्रिस्ती लोकांशीही जुळत नाही, तेच त्याचे, या दुसऱ्या निकषावर मोर्ना हुकर यांनी १९७२ मध्येच आक्षेप घेतला होता : या मार्गाने मिळेल तो समाजाशी नातेच नसलेला माणूस. २०१२ मध्ये ख्रिस कीथ आणि अँथनी ल डॉन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात तर ही निकषांची पद्धतच मोडीत काढावी, असा सूर आहे. मला तो टोकाचा वाटतो. पण मायर वाचणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे.

एवढ्या मतभेदांतून उरते काय? गालीलमधील नासरेथचा एक यहुदी माणूस, योहानाकडून बाप्तिस्मा, देवाच्या राज्याविषयी शिकवण, शिष्य, यरुशलेममधील संघर्ष, आणि इ.स. ३० च्या आसपास पिलाताच्या आदेशाने क्रूसावर मृत्यू. येशू झालाच नाही, हे मत १९०९ मध्ये आर्थर ड्रेव्ह्ज यांनी जोरात मांडले होते आणि ते अधूनमधून डोके वर काढते. बहुसंख्य इतिहासकार, त्यांत श्रद्धा नसलेलेही आले, ते मानत नाहीत. बार्ट एरमन हे स्वतः अज्ञेयवादी. त्यांनी २०१२ मध्ये या मताला पुस्तकभर उत्तर दिले. गंमत अशी, की श्वाइट्झरनीही ड्रेव्ह्जना उत्तर दिले होते, पण ते १९१३ च्या वाढीव जर्मन आवृत्तीत. मला मिळालेली इंग्रजी प्रत १९१० च्या भाषांतराची. त्यात ते असणेच शक्य नव्हते. वाढीव आवृत्तीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २००० मध्ये आले. एकाच लेखकाचेही दुसरे पुस्तक असू शकते.

६. जायचे कुठे आणि मागायचे काय?

महाराष्ट्रात हा अभ्यास अशक्य नाही. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठ आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्था आहेत. त्यांच्या ग्रंथालयांत चिकित्सक साहित्य असणे स्वाभाविक आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि सेंट झेवियर्समधील हेरास संस्था आहेत. बाहेरच्या वाचकाने आधी पत्र पाठवावे, विषय एका ओळीत लिहावा आणि हव्या असलेल्या पाच ग्रंथांची नावे द्यावीत. ‘येशूवर काही आहे का?’ असे विचारणाऱ्याला ग्रंथपाल २३२ च्या फळीकडे बोट दाखवील. ‘फेल्डमनचा योसेफस आहे का?’ असे विचारणाऱ्याशी तो बोलू लागेल.

इंटरनेटने पुष्कळ सोपे केले आहे. चौथ्या शतकातील कोडेक्स सायनायटिकस पानापानाने घरबसल्या पाहता येते. त्यात मार्काचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला संपते आणि पुनरुत्थित येशूच्या दर्शनाच्या पुढच्या ओळी नाहीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यात वेगळाच आनंद आहे. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांची छायाचित्रेही अशीच खुली आहेत. जेस्टोरवर नोंदणी केली तर काही लेख मोफत वाचता येतात. पण सावध राहावे. जे पूर्ण आणि मोफत मिळते, ते बहुधा कॉपीराइट संपलेले, म्हणजे जुने असते : व्हिस्टन मिळतो, फेल्डमन मिळत नाही, रेनान मिळतो, सँडर्स मिळत नाही. पहिले पुस्तक फुकट आणि दुसरे महाग, अशी ही रचना आहे. म्हणूनच सार्वजनिक ग्रंथालयाची गरज इंटरनेटने कमी केलेली नाही. खरेदीच्या यादीत असे दुसरे पुस्तक वर्षाला एक जरी घातले, तरी दहा वर्षांत कपाटाचा चेहरा बदलेल.

आता गुरुजींचे उत्तर. हेमिसच्या हस्तलिखिताची कथा निकोलाय नोतोविच या रशियन लेखकाने १८९४ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मॅक्स म्युलर यांनी ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या लंडनच्या मासिकात तिच्यावर शंका घेतली. आग्र्याच्या कॉलेजातील प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस १८९५ मध्ये स्वतः हेमिसला गेले, त्यांनी तिथल्या प्रमुख लामांना नोतोविचचा मजकूर ऐकवला आणि असे कोणतेही हस्तलिखित मठात नसल्याचे त्यांचे निवेदन १८९६ मध्ये त्याच मासिकात छापले. उलट बाजूही नोंदवली पाहिजे : स्वामी अभेदानंद १९२२ मध्ये हेमिसला गेले आणि आपल्याला ते दाखवले गेले, असे त्यांच्या प्रवासवर्णनात आहे. पण त्या हस्तलिखिताचा मूळ पाठ अभ्यासकांना तपासता येईल असा कधीच पुढे आला नाही. पाठ नाही, तर इतिहासही नाही. मी टाळ्या घेतल्या होत्या त्या एका तपासता न येणाऱ्या गोष्टीवर, आणि तिचे उत्तर माझ्या व्याख्यानाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी छापून झालेले होते.

पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत मी आयोजकांकडून पंधरा मिनिटे मागून घेतली आणि हे सगळे सांगितले. टाळ्या कमी पडल्या. गुरुजी मागच्या रांगेत होते. त्यांनी नुसती मान हलवली. नंतर ग्रंथपालबाईंच्या परवानगीने मी त्या मराठी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली : म्युलर, डग्लस आणि अभेदानंद यांची नावे, वर्षे, आणि ती कुठे वाचायला मिळतील ते. पुस्तक काढून टाका, असे मी सुचवले नाही. ते त्याच फळीवर आहे. मागच्या महिन्यात सहज काढून पाहिले, तर माझ्या चिठ्ठीखाली कुणीतरी पेन्सिलीने आणखी एका पुस्तकाचे नाव लिहिले आहे. ते मी अजून वाचलेले नाही, शोधतो आहे.